खान्देशात राहून डिझाईन, फोटो, व्हिडिओवर घर चालवायचंय? मग आधी हे मांडून बघा

मी जळगावला राहते, डिझाईन आणि चित्रांचं काम करते, लग्नाच्या पत्रिका, पॅकिंग, दुकानांचे लोगो, मधेमधे मुलांच्या पुस्तकांची चित्रं. धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव, शहादा, इकडून तिकडून नवीन मुलंमुली विचारत असतात की ताई पूर्णवेळ हेच करू का, पोट भरेल का, आणि पोट भरलं तरी स्वतःचं काही करायला वेळ उरेल का. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पैसा, वेळ आणि स्वतःचं मनापासूनचं काम हे तीन वेगळे प्रश्न नाहीत. लोक म्हणतात आधी पैसे कमावू, मग वेळ मिळेल, मग स्वतःचं काम करू, पण तो "मग" येतच नाही, कारण पैसे वाढले की कामं वाढतात आणि आधी वेळ जातो. तिन्हीचा हिशोब एकाच कागदावर करावा लागतो आणि तोही कामं यायच्या आधी.

पायरी १. वर्ष मांडा, महिना नंतर

पुण्यामुंबईच्या फ्रीलान्सरचे व्हिडिओ बघून लोक महिन्याचं बजेट करायला बसतात. आपल्याकडे ते जमत नाही कारण आपला पैसा महिन्याने येत नाही, हंगामाने येतो. एक मोठा कागद घ्या, त्यावर बारा महिने काढा, मराठी महिनेपण लिहा कारण आपले गिऱ्हाईक त्याच्यावरच चालतात.

आता भरा. तुळशीच्या लग्नानंतर लगनसराई सुरू, मधे पौषात थोडी ढिली, मग माघापासून परत जोर आणि सगळ्यात मोठी गर्दी चैत्र-वैशाखात, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास. ज्येष्ठात उतरते. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, लग्नं बंद, म्हणजे फोटो-व्हिडिओवाल्यांचे आणि पत्रिकावाल्यांचे चार महिने कोरडे. पण त्यातच श्रावणात कानबाई (आपल्या खान्देशातला देवीचा सण), मग पोळा, गणपती, नवरात्र, दिवाळी, म्हणजे बॅनर, दुकानांच्या जाहिराती, मंडळांची कामं. निवडणूक असली तर तेवढा वेगळा पूर येतो.

आणि अधिक महिना विसरू नका! २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन उन्हाळी हंगामातला एक महिना मुहूर्तच नाहीत. २०२३ ला अधिक श्रावण होता तेव्हा चातुर्मास चाराचा पाच महिन्यांचा झालेला. लग्नावर ज्यांचं घर चालतं त्यांनी नवीन वर्षाचं पंचांग हातात आल्या दिवशी मुहूर्त मोजून घ्यायचे, महिन्यागणिक, आणि ते कागदावर लिहायचे. किती कामं येतील हे आपल्या हातात नसतं, पण कोणत्या महिन्यात येऊच शकत नाहीत हे आधीच कळतं.

त्याच्या खाली दुसरी ओळ काढा, गिऱ्हाइकाकडे पैसा कधी येतो त्याची. धरणगाव, एरंडोल, पारोळा भागात कापसावर सगळं असतं, वेचणी सुरू झाली, कापूस मोजला की दुकानदाराची उधारी सुटते आणि मग दुकानदार आपलं बिल देतो. रावेर-यावलकडे केळीचा पैसा वेगळ्या चालीने फिरतो. सोनं-चांदीवाल्यांचं तिसरंच. तुम्ही ज्या गावात काम करता तिथला पैसा कशाने हलतो हे माहिती असेल तर बिल कधी पाठवायचं आणि कोणाला आधी अर्धे मागायचे हे आपोआप कळतं.

ह्या कागदावर जे कोरडे महिने दिसतात त्यांच्यावर रंगीत पेनाने खूण करा. लोक त्यांना रिकामे महिने म्हणतात पण मी त्यांना स्वतःच्या कामाचे महिने म्हणते, त्याच्याबद्दल खाली लिहिलंय.

पायरी २. स्वतःच्या एका दिवसाची किंमत काढा

हे गणित दहावीच्या मुलालाही येईल, पण करत कोणीच नाही. मी एक उदाहरण घेते, तुम्ही तुमचे आकडे टाका.

समजा घरात द्यायचे १५,००० महिना. कामाचा खर्च, म्हणजे नेट, लाईटबिल, इन्व्हर्टरची बॅटरी, सॉफ्टवेअर, पेट्रोल, हार्डडिस्क, दुरुस्ती, हे सगळं वर्षाचं काढून बाराने भागलं तर समजा ६,०००. आणि दवाखान्याचा विमा, थोडी शिल्लक, पुढच्या कॅमेऱ्याचे किंवा लॅपटॉपचे बाजूला टाकायचे ४,०००. झाले २५,००० महिना, वर्षाचे ३ लाख.

आता दिवस. ३६५ मधून ५२ रविवार गेले, सण, नात्यातली लग्नं, आजारपण, गावी जाणं असे अजून तीसेक गेले. राहिले साधारण २८०. पण ह्या २८० दिवसांत रोज कमाईचं काम होत नाही. फोन, दाखवायला जाणं, भाव सांगणं, करेक्शन, वसुली, शिकणं आणि स्वतःचं काम, ह्याच्यात अर्धे दिवस जातात, खरंच जातात, नव्या माणसाचे तर जास्तच. म्हणून पैसे देणारे दिवस धरा १४०. तीन लाख भागिले १४०, म्हणजे २,१४३, आपण २,१५० म्हणू. दिवसातले सहा तास खरं काम होतं असं धरलं तर तासाला साधारण ३६०.

हा तुमचा खालचा आकडा, ह्याच्या खाली काम घेतलं तर तुम्ही घरातून पैसे घालून गिऱ्हाइकाचं काम करताय. एखादी खास हाताने काढलेली पत्रिका दोन दिवस खाते, मग ती ४,३०० च्या खाली परवडत नाही. आता कोणी म्हणेल ताई आमच्या गावात पत्रिकेचे १,५०० पण कोणी देत नाही. बरोबर आहे, देत नाहीत. मग १,५०० वाल्याला दोन दिवसाचं काम द्यायचंच नाही. त्याच्यासाठी आधीच तयार करून ठेवलेले आठ-दहा नमुने ठेवा, त्यातला एक निवडा, नावं-तारीख-स्थळ बदलून देते, दोन-तीन तासात काम संपलं, दोघांचंही भलं. आणि ते नमुने कधी करायचे? चातुर्मासात. बघा, वर्षाचा कागद आणि दिवसाचा दर इथे एकमेकांना भेटले.

मला वाटतं नव्या माणसाने हे दोन दर्जे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत, तयार आणि खास. मधलं काही ठेवू नये. मधल्यातच माणूस मरतो, कारण पैसे तयारचे मिळतात आणि मेहनत खासची होते.

पायरी ३. "डिझाईनचे काय पैसे?" ह्याला उत्तर तयार ठेवा

आपल्याकडची ही सगळ्यात मोठी अडचण आहे. फ्लेक्सवाला स्क्वेअर फुटावर भाव लावतो आणि डिझाईन त्याच्यातच फुकट देतो, प्रिंटिंगप्रेसवाला पत्रिकेच्या शेकड्यावर भाव लावतो, डिझाईन फुकट. त्यामुळे अख्ख्या पिढीला असं वाटतं की डिझाईन ही कागदासोबत येणारी वस्तू आहे. गिऱ्हाइकाचा दोष नाही, त्याने आयुष्यभर तसंच बघितलंय, त्याच्यावर चिडू नका.

मी काय करते, डिझाईन असा शब्दच आधी काढत नाही. विचारते की दादा, हे पाकीट कुठे विकायचंय, गोलाणी मार्केटच्या मागे की सुरतला पाठवायचं? तिथे शेजारी अजून कोणाचा माल असतो? तुमचा गिऱ्हाईक वाचतो का फोटो बघून घेतो? असे चार प्रश्न विचारले की समोरच्याला कळतं ही बाई नुसतं नाव सजवून देणारी नाही. मग भाव सांगितला की घासाघीस होते पण "फुकट" हा शब्द निघत नाही.

आणि फ्लेक्सवाल्यांशी भांडू नका, त्यांच्याशी दोस्ती करा. त्यांच्याकडे असे गिऱ्हाईक येतातच ज्यांना काहीतरी वेगळं पाहिजे असतं आणि त्यांच्या ऑपरेटरला वेळ नसतो. ते काम तुमच्याकडे येऊ शकतं. फक्त त्यांना कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमधे उघडणारी फाईल लागते आणि फॉन्ट कर्व्ह केलेले, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकलेले लागतात, एवढं जपलं की ते परत बोलावतात. युनिकोडमधे टाईप केलेलं त्यांच्या श्रीलिपी ह्या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधे फाटतं हा रोजचा त्रास आहे, म्हणून छपाईला देताना अक्षरं कर्व्ह करूनच द्या आणि जोडाक्षरं स्वतः डोळ्याने तपासा, मुलीच्या नावातला रफार गेलेली पत्रिका कोणीच विसरत नाही. फॉन्टचं म्हणाल तर मुक्ता, बालू असे चांगले देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आणि कायदेशीर आहेत, सुरुवातीला चोरीच्या फॉन्टची गरजच नाही. सॉफ्टवेअरचंही तसंच, डिझाईनला इंकस्केप, चित्रांना क्रिता, व्हिडिओला दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती, ह्याच्यावर पहिलं वर्ष निघतं. कर्ज काढून महागडा कॅमेरा घेऊन सुरुवात करणं मला पटत नाही, लेन्स भाड्याने मिळतात, आणि हप्त्याची तारीख चातुर्मासातही येतेच.

पायरी ४. काम घेताना चार ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा

मोठं ॲग्रीमेंट इकडे कोणी सही करत नाही, स्टॅम्पपेपर काढला की माणूस घाबरतो, संबंध बिघडतात असं वाटतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी टाकल्या आणि समोरून "हो ठीक आहे ताई" आलं तरी पुष्कळ काम होतं, पुरावा राहतो. त्या चार ओळींत काय पाहिजे, तर काम नक्की काय आणि किती नग, पैसे किती आणि अर्धे आधी, करेक्शन दोनदा त्यानंतर प्रत्येक वेळचे वेगळे, आणि मजकूर तुम्ही टाईप करून एकदाच द्यायचा. शेवटची ओळ छोटी वाटते पण वेळ वाचवणारी तीच आहे. पत्रिकेत मामांचं नाव, मग मोठ्या काकांचं नाव वर घ्या, मग "आमचे येथे" च्या ऐवजी "श्री कृपेकरून", हे सगळं सात जण सात वेळा सांगतात. एका घरातून एकच माणूस बोलेल असं ठरवून घ्या, आणि तो शक्यतो नवरदेव नसावा, त्याच्या हातात काही नसतं.

अर्धे आधी मागताना जीभ अडखळते, माहितीये, त्यातून बायकांची जास्त. ते वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघा. "अर्धे आल्यावर काम सुरू करते." बास. त्याच्या पुढे कारण देऊ नका, कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते.

घरच्यांचं काम, म्हणजे मामेभावाचं लग्न, मैत्रिणीच्या नणंदेचं ब्यूटीपार्लर, ह्यात पडायचंच असेल तर मी म्हणते पूर्ण फुकट करा आणि आहेर म्हणून द्या, किंवा पूर्ण पैसे घ्या. अर्ध्या पैशात केलं तर दोन्हीकडून नाराजी. आणि वर्षाला किती आहेर देणार हे वर्षाच्या कागदावरच ठरवून टाका.

पायरी ५. दिवस कापून घ्या, आणि पहिला तुकडा स्वतःला

हे मी सगळ्यात कळकळीने सांगते. स्वतःचं काम रात्री उरलेल्या वेळात होत नाही. दिवसभर दुसऱ्याच्या आवडीचे रंग लावून झाल्यावर रात्री दहाला डोक्यात काही शिल्लक नसतं. म्हणून सकाळी, फोन चालू व्हायच्या आधी.

आपल्या हवामानाचाही विचार करा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी कॉम्प्युटर तापतो, माणूस तापतो, लाईट गेली तर संपलंच. त्यामुळे मार्चपासून जूनपर्यंत माझा दिवस असा असतो: सहा ते आठ स्वतःचं चित्र, नऊ ते एक गिऱ्हाइकाचं डोक्याचं काम, म्हणजे नवीन कल्पना लागते ते. दुपारी एक ते चार हाताचं किंवा कंटाळवाणं काम, बिलं, फाईली लावणं, बॅकअप, जेवून थोडी झोप. संध्याकाळी पाच ते आठ फोन आणि भेटी. बाजार उन्हाळ्यात दुपारी थंडावतो आणि दुकानदार संध्याकाळनंतरच मोकळे होतात, तेव्हा सकाळी त्यांना फोन करून काही उपयोग नसतो आणि त्यांचे फोन मात्र रात्री साडेनऊला येतात. मी स्टेटसवरच लिहून ठेवलंय, फोन पाच ते आठ. सुरुवातीला लोकांना विचित्र वाटतं, नंतर सवय होते, डॉक्टरची वेळ पाळतात तशी पाळतात.

फोटो-व्हिडिओवाल्यांचा दिवस वेगळा, लग्नाच्या दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंत उभंच राहायचं असतं, हळद, लग्न, वरात. त्यांनी दिवस कापायचा नाही, आठवडा कापायचा. दोन लग्नांच्या मधे एक दिवस फक्त कार्ड खाली करणं, दोन ठिकाणी कॉपी ठेवणं आणि झोप ह्याच्यासाठी. ही दुसरी कॉपी टाळू नका, लग्न परत लावता येत नाही. आणि एडिटिंग हंगाम संपल्यावर करू म्हणून ढिगारा लावू नका, कारण मग चातुर्मास सगळा त्याच्यातच जातो आणि स्वतःचं काम परत पुढच्या वर्षावर. तुमच्या भावात एडिटरचे पैसे धरा आणि अर्धं एडिटिंग बाहेर द्या, एखाद्या शिकणाऱ्या मुलालाही काम मिळतं.

घरात राहून काम करणाऱ्या बायकांसाठी वेगळं लिहिते. "घरीच तर असते" हे वाक्य तुम्ही रोज ऐकाल. पाहुणे आले, सिलेंडर आला, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचंय, सगळं तुमच्यावर. ह्याच्यावर भांडून मार्ग निघतो असं मला दिसलेलं नाही. दोन गोष्टींनी निघतो. एक, खोली नसली तरी एक टेबल आणि तिथे बसायची ठरलेली वेळ, त्या वेळेत तुम्ही कामावर आहात, आणि हे लहान मुलांनाही सांगा, ती मोठ्यांपेक्षा लवकर समजतात. दुसरं, दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम घरात द्या, कमी असली तरी चालेल पण ठरलेली. त्या रकमेने घरातल्यांचं बोलणं बदलतं, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

पायरी ६. दोन खाती, एक पगार

वरच्या ओळीचाच पुढचा भाग. एक खातं कामाचं, सगळ्या गिऱ्हाइकांचे यूपीआय तिथेच. दुसरं घरचं. एक तारखेला कामाच्या खात्यातून घरच्या खात्यात पगार, आपल्या उदाहरणात १५,०००. वैशाखात ७०,००० आले तरी १५,०००, भाद्रपदात ८,००० आले तरी १५,०००. हंगामातला वरचा पैसा कामाच्या खात्यातच थांबतो आणि कोरड्या महिन्यात तोच पगार देतो.

किती साठवायचं? चार महिन्यांचा खर्च, कारण चातुर्मास चार महिन्यांचा. २५,००० गुणिले चार, एक लाख. हा एक लाख आषाढी एकादशीच्या आधी खात्यात दिसला पाहिजे. दिसला तर तुम्ही श्रावणात मिळेल ते काम पकडत फिरणार नाही, भाव पाडणार नाही, आणि सकाळचे दोन तास स्वतःच्या कामाला निवांत देऊ शकाल. चित्र चांगलं यायला मन शांत लागतं आणि मन शांत राहायला खात्यात थोडे पैसे लागतात, हे मला लपवून बोलावंसं वाटत नाही.

पायरी ७. स्वतःचं काम म्हणजे नक्की काय करायचं

इथे नवी मुलं अडकतात. त्यांना वाटतं स्वतःचं काम म्हणजे काहीतरी भव्य, त्याला मुंबई पाहिजे, परदेशी लोकेशन पाहिजे. चाळीसगावला स्टेशनजवळ फोटोग्राफर केकी मूस यांचं कलादालन आहे, एकदा जाऊन या, शनिवार-रविवार घालवा. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ, आयुष्यातली कित्येक वर्षं ते घराबाहेर पडले नाहीत असं म्हटलं तरी चालेल, आणि घरातल्या टेबलावर साध्या वस्तू मांडून, प्रकाश लावून त्यांनी जे फोटो काढले ते जगभर गाजले. तसं आयुष्य कोणी जगावं असं मी म्हणत नाही. पण विषय शोधायला गाव सोडावं लागत नाही हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

आपल्याकडे विषय काय कमी आहेत. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा दत्तजयंतीला भरते. आखाजीला गौराईची गाणी, झोके. कानबाईच्या रात्री. भरताचं वांगं भाजतानाचा शेतातला जाळ. तोरणमाळ, पाटणादेवी, लळिंगचा किल्ला, पद्मालय. तापीकाठची केळीची शेतं सकाळी सहाला कशी दिसतात ते चित्रात कोणी नीट आणलंय असं मला अजून दिसलं नाही.

अहिराणीत गाणी, रील, व्हिडिओ करणाऱ्यांना तर मी म्हणेन की तुमचं स्वतःचं काम आणि कमाईचं काम एक होऊ शकतं, पण तारखा पाळा. कानबाईचं गाणं श्रावणात लोक शोधतात, सुरतेहून, पुण्याहून माणसं गावी यायला निघतात तेव्हा ते मोबाईलवर पाहिजे, म्हणजे रेकॉर्डिंग आषाढाच्या सुरुवातीला, लिहिणं त्याच्याही आधी, ऐन लगनसराईत. तिथे ते सकाळचे दोन तास उपयोगी पडतात. लग्नात वाजणारं गाणं असेल तर तुळशीच्या लग्नाआधी बाहेर पाहिजे. यूट्यूबच्या जाहिरातीचे पैसे १,००० सबस्क्रायबर, आणि त्याच्यासोबत वर्षभरात ४,००० तास बघितलं गेल्यावर किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज झाल्यावर सुरू होऊ शकतात, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या हिशोबात तिथून शून्य धरा. आले तर ते चातुर्मासाच्या लाखात टाका.

आणि स्वतःचं काम लोकांना दाखवा. मला सगळ्यात चांगल्या पैशाची कामं माझ्या स्वतःसाठी काढलेल्या चित्रांमुळे मिळाली आहेत, पत्रिका बघून जी कामं मिळाली ती पत्रिकेचीच.

पायरी ८. कागदपत्रं, एकदाच बसून

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, करा, सरकारी साईटवर आधार आणि पॅनवर होतं, पूर्ण फुकट आहे, कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नंबर घ्यायची साधारण गरज नसते, घाईने घेऊन दर वेळी रिटर्न भरत बसू नका. इन्कमटॅक्समधे २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स लागत नाही, पण रिटर्न भराच, कारण कंपन्या पैसे देतानाच टॅक्स म्हणून टीडीएस कापतात तो रिटर्न भरल्यावरच परत येतो, आणि उद्या कर्ज लागलं तर बँक पहिले रिटर्नच मागते. एखादा ओळखीचा सीए वर्षातून एकदा गाठा, त्याच्या फीचे पैसे कामाच्या खर्चात धरा.

कॉपीराइटचं मात्र नीट वाचा कारण इथे जवळजवळ सगळ्यांचा समज उलटा असतो. फोटोग्राफरला वाटतं मी काढला म्हणजे फोटो माझा. १९५७ च्या कायद्याप्रमाणे कोणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन काढलेला फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट किंवा केलेली फिल्म, ह्याचा पहिला मालक काम सांगणारा असतो, वेगळं ठरलेलं नसेल तर. म्हणजे लग्नाचे फोटो स्वतःच्या पेजवर टाकायचे असतील तर पायरी ४ च्या चार ओळींत पाचवी ओळ टाका, की निवडक फोटो मी माझ्या कामाचे नमुने म्हणून वापरेन. घरच्यांना नको असेल तर नको, मुलींच्या फोटोंबाबतीत तर दोनदा विचारा.

गाणी लिहिणाऱ्यांचं वेगळं आहे. गाण्याचे बोल, लेख, संवाद असं तुम्ही नोकरीत नसताना लिहिलेलं तुमचंच असतं आणि ते दुसऱ्याच्या नावावर करायला लेखी कागद लागतो. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. चॅनलवाला "सगळे हक्क" लिहून घेत असेल तर थांबा, मुदत विचारा, नाव कुठे येईल ते विचारा, मग सही करा.

पायरी ९. अडकलेले पैसे

"देऊ ना ताई, कुठे पळून चाललो का" हे ऐकून घ्यायचं, हसायचं, आणि बिल परत पाठवायचं. शक्यतो पैसे अडकणारच नाहीत असं बघा, म्हणजे पूर्ण पैसे आल्याशिवाय छपाईची मूळ फाईल द्यायची नाही, तोवर फक्त वॉटरमार्क असलेली हलकी फाईल दाखवायची. घरगुती गिऱ्हाइकाला एवढं पुरतं.

मोठ्या दुकानदाराकडे किंवा कंपनीकडे अडकले तर उद्यमचा नंबर कामाला येतो. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या कायद्यात लहान उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत, लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर तक्रार करता येते. शिवाय २०२३ च्या फायनान्स ॲक्टने असं केलंय की ह्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत इन्कमटॅक्समधे दाखवता येत नाही. म्हणून बिलावर उद्यम नंबर ठळक छापा. मार्च जवळ आला की त्यांचा सीएच त्यांना म्हणतो हे देऊन टाका. तक्रारीपर्यंत जायची वेळ क्वचित येते.

पायरी १०. नोकरी कधी सोडायची

ज्यांची सध्या नोकरी आहे त्यांच्यासाठी. जूनमधे सोडू नका, पुढे चातुर्मास आहे. रविवारी आणि सकाळी काम करून आधी सहा-आठ पैसे देणारी गिऱ्हाइकं जमवा, नात्यातली धरू नका. चार महिन्यांचा खर्च कामाच्या खात्यात जमा करा. तयार नमुने पावसाळ्यात करून ठेवा. मग दिवाळी झाली की राजीनामा द्या, म्हणजे नोटीसचा महिना संपेपर्यंत तुळशीची लग्नं लागलेली असतात आणि पुढे आखाजीपर्यंतचा अख्खा हंगाम तुमच्या हातात असतो. लग्नाच्या धंद्यात नसाल, दुकानं आणि पॅकिंगचं काम करत असाल तर उलटं, श्रावण लागायच्या आधी मोकळे व्हा म्हणजे गणपती ते दिवाळी मिळते. पहिल्या हंगामात आलेल्या प्रत्येक कामाचे दिवस वहीत लिहा, भाव सांगताना किती धरले होते आणि खरे किती लागले, आणि पुढच्या आषाढात ती वही घेऊन पायरी २ चं गणित परत करा.